आपत्काल आणि विद्यापीठांचा सेवकवर्ग

वसंतातल्या व्याख्यानमालेत उभे राहणाऱ्याने श्रोत्यांना काही नवे सांगावे, असा संकेत आहे. आमचा आजचा विषय नावाने नवा वाटेल; पण त्याच्या मुळाशी असलेली गोष्ट काष्टीकरांना बाहेरच्याने येऊन शिकवावी अशी नाही. श्रीगोंदे तालुक्याने दुष्काळ पाहिले, भीमेचे नि घोड नदीचे पूर पाहिले, साथी पाहिल्या आणि अलीकडची कोविडची साथही पाहिली. शनिवारच्या बैलबाजारात वळवाचा पाऊस अचानक कोसळला, तर व्यापारी काय करतो ते येथील लहान मूलही सांगेल. तो स्वतः आडोशाला पळत नाही. आधी दावणीची जनावरे निवाऱ्याला नेतो, बरोबरच्या गड्याला हाक मारतो आणि मग स्वतःच्या डोक्यावर पोते घेतो. कोणी कोठे धावायचे, हे त्या दोघांत आधीच ठरलेले असते.

महाविद्यालय किंवा विद्यापीठ ही बाजारापेक्षा कितीतरी शहाणी संस्था, असे आपण मानतो. तेथे मात्र संकट आले की एकच शब्द उच्चारला जातो, आणि तो म्हणजे 'सुट्टी'. सुट्टी म्हटले की विद्यार्थी जातात, अध्यापक जातात. पण वसतिगृहात अडकलेल्या मुलांना जेवायला घालणारा आचारी जाऊ शकतो काय? पाण्याचा पंप चालविणारा, फाटकावरचा पहारेकरी, प्रयोगशाळेतला परिचर, कृषी महाविद्यालयातल्या गोठ्याचा गडी, परीक्षेच्या कागदांची खोली सांभाळणारा लिपिक, हे जाऊ शकतात काय? संस्था कधीच पूर्णपणे बंद होत नसते. सुट्टी जाहीर झाल्यावरही कोणीतरी थांबतेच. तो कोण, त्याला कोणी थांबविले, आणि त्याचे बरेवाईट झाले तर उत्तर कोणी द्यायचे, या तीन प्रश्नांचा इतिहास आज आम्हांला थोडक्यात मांडावयाचा आहे.

हा विषय आम्ही का निवडला, तेही सांगून टाकतो. तरुणपणी आम्ही एका महाविद्यालयात शिकवीत होतो. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. एका पावसाळ्यात भरदुपारी नदी चढू लागली आणि सुट्टीची सूचना फळ्यावर लागली. विद्यार्थी गेले, आम्ही प्राध्यापक मंडळीही गेलो. दोन दिवसांनी पाणी ओसरल्यावर परतलो, तो ग्रंथालयाचा शिपाई तेथेच होता. खालच्या फळ्यांवरची पुस्तके त्याने एकट्याने उचलून वर रचली होती. त्याला थांब, असे कोणी म्हटले नव्हते आणि जा, असेही कोणी म्हटले नव्हते. महिनाअखेर पाहावे तो हजेरीपत्रकात त्या दोन दिवसांपुढे त्याच्या नावावर 'गैरहजर' असा शेरा! कारण हजेरी मांडणारा लिपिक घरी गेला होता. तेव्हा आम्ही या गोष्टीवर हसलो होतो. आज हसू येत नाही.

लोहमार्ग आणि दुष्काळ

आरंभ येथूनच करू. काष्टीच्या स्टेशनावरून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली वाहतुकीला खुला झाला. त्याचे बरेचसे मातीकाम १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात, पोटासाठी कामावर आलेल्या माणसांच्या हातून झाले. म्हणजे आपत्काली माणसांना कामावर कसे ठेवावे, या प्रश्नाचा एक मोठा प्रयोग आपल्याच शिवारात झाला आहे.

तो प्रयोग कसा झाला? १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीने दुष्काळी कामांवरील मजुरी कमी करून ती दिवसाला एक रत्तल धान्याच्या मापावर आणली गेली. ठरविणारे पोटभर जेवलेले होते आणि ज्यांच्यासाठी ठरले ते उपाशी होते. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी त्या मजुरीवर काम करण्याचे नाकारले आणि कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. उपाशी माणूस काम सोडून उठतो, ही गोष्ट साधी नव्हे. आपल्याला विचारात न घेता आपले मोल ठरविले गेले, हे त्याला भुकेइतकेच लागते.

या दुष्काळानंतर सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग नेमला गेला, १८८० साली त्याचा अहवाल आला आणि १८८३ साली दुष्काळ संहितेचा मसुदा प्रांतोप्रांती पाठविण्यात आला. त्या संहितेत उणिवा पुष्कळ होत्या. परंतु एक तत्त्व तिने रुजविले, ते असे की संकट आल्यावर विचार करावयाचा नसतो, विचार आधी करून ठेवावयाचा असतो. कोणते काम कोठे काढावयाचे याची यादी सुकाळातच तयार असावी आणि कोणत्या अधिकाऱ्याने काय करावयाचे हे लिहिलेले असावे, हा त्या संहितेचा गाभा होय.

रेल्वेच्या नोकरीतही असाच एक दंडक आहे. पाळी बदलणारा माणूस हजर झाल्यावाचून आधीच्याने आपली जागा सोडावयाची नाही. गाड्या बंद पडल्या तरी स्टेशन उघडे असते आणि स्टेशनमास्तर जागा असतो. हा दंडक कठोर आहे खरा. पण त्याची दुसरी बाजूही पाहा. जो थांबतो त्याच्या थांबण्याची नोंद होते, आणि त्याच्या जागी दुसरा माणूस पाठविण्याची जबाबदारी वरच्यावर असते. रेल्वेला हे ठरवावे लागले, कारण चूक झाली तर गाड्या एकमेकींवर आदळतात. विद्यालयात चूक झाली तर तसा आवाज होत नाही, म्हणून आपण ते ठरविले नाही.

ग्रँट मेडिकल कॉलेजातील व्हरांडा

आता मुंबईस जाऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले आणि पाहता पाहता शहर रिकामे होऊ लागले. लाखो माणसे मिळेल त्या गाडीने व बोटीने मुंबई सोडून गेली. अशा वेळी, पळणाऱ्या लोकांच्या उलट दिशेने, एक मनुष्य कलकत्त्याहून मुंबईस आला. त्याचे नाव वाल्देमार हाफकिन. जन्म ओडेसाचा, शिक्षण तेथलेच, काम पॅरिसच्या पाश्चर संस्थेत केलेले. १८९३ पासून तो हिंदुस्थानात पटकीची लस टोचीत हिंडत होता.

मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला जागा मिळाली. जागा म्हणजे काय, तर एक खोली आणि व्हरांड्याचा तुकडा. हाताखाली माणसे म्हणजे एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर ऑक्टोबर १८९६ मध्ये प्लेगच्या लशीचे काम सुरू झाले.

हे काम कोणते होते, ते नीट ध्यानात घेतले पाहिजे. ज्या जंतूच्या भयाने शहर पळत होते, तोच जंतू या व्हरांड्यात मुद्दाम वाढवावयाचा होता. मांसाच्या काढ्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे, त्यांच्या आधाराने खाली लोंबणारे जंतूंचे पुंजके वाढू द्यावयाचे, ते हलवून पाडावयाचे, पुन्हा वाढू द्यावयाचे आणि शेवटी उष्णतेने मारून त्यांची लस करावयाची. लोकांच्या धर्मभावना दुखावू नयेत म्हणून हाफकिनने गोमांस वा डुकराचे मांस टाळून बकऱ्याचे मांस वापरले. बाटल्या धुणे, विस्तव सांभाळणे, झाकणे जपणे, फुटलेली काच उचलणे, ही कामे कोणाच्या वाट्याला आली असतील, हे सांगावयास नको.

इतिहासाने नोंदून ठेवले आहे की, त्या तीन महिन्यांत हाफकिनच्या एका साहाय्यकाची मज्जा खचली आणि दोघे काम सोडून गेले. चरित्रग्रंथांत हे वाक्य कंसात येते. आम्हांला ते कंसाबाहेर काढावेसे वाटते. जे गेले त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांच्या घरी बायकामुले होती, शेजारी मरत होते, आणि मृत्यूच्या बाटल्या धुण्याचे वचन त्यांनी कधी दिलेले नव्हते. उलट, जे राहिले त्यांची नावे आज आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहेत?

तरीही या प्रसंगात एक गोष्ट अशी आहे की, जिच्यामुळे हाफकिनचे नाव घेताना आदराने मान लवते. लस तयार झाली, तेव्हा ती पहिल्याने कोणाला टोचावयाची? त्या काळच्या रिवाजाने एखादा शिपाई, एखादा कैदी किंवा एखादा गरीब रोगी सहज मिळाला असता. हाफकिनने १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, जागा दुखली. ते सारे त्याने सोसले आणि टिपून ठेवले. भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांना लस दिली गेली ती त्यानंतर, आणि तीही आपण होऊन पुढे आलेल्यांना. हाताखालच्या माणसांना धोक्यात उभे करण्यापूर्वी वरच्याने स्वतः तेथे उभे राहावे, हा धडा त्या व्हरांड्यात घातला गेला. पुढे १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली आणि १९२५ पासून तिला हाफकिनचेच नाव मिळाले. परंतु तिचा खरा पाया परळला नसून भायखळ्याच्या त्या चिंचोळ्या जागेत आहे.

चूक कोणाची?

याच कथेचा उत्तरार्ध कडू आहे. पण तो सांगितल्यावाचून विषय पुरा होत नाही. १९०२ साली पंजाबात मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याची मोहीम निघाली. मागणी वाढली, घाई वाढली, आणि लस लवकर तयार व्हावी म्हणून परळच्या प्रयोगशाळेने निर्जंतुक करण्याच्या रीतीत बदल केला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर मुलकोवाल नावाच्या खेड्यात एकाच बाटलीतून लस दिलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली.

दोष कोणाचा? चौकशी मंडळाने बोट दाखविले ते प्रयोगशाळेकडे. हाफकिनला अधिकारपद सोडावे लागले. वस्तुतः बाटली उघडताना तेथील साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. विष बाटलीत शिरले ते मुंबईस नव्हे, मुलकोवालला. हे मान्य होण्यास पाच वर्षे लागली. सर रोनाल्ड रॉस आणि इतर नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या वृत्तपत्रातून जाहीरपणे बाजू घेतली, तेव्हा १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरला आणि पुन्हा हिंदुस्थानात कामावर आला.

यावर कोणी म्हणेल, मग दोष त्या चिमटा पाडणाऱ्याचा! आम्हांला तसे म्हणवत नाही. घाईच्या मोहिमेत, उघड्यावर, एकामागून एक माणसे टोचीत असता चिमटा खाली पडणार, हे धरून चालले पाहिजे. दुसरा चिमटा हाताशी होता काय? पडल्यास काय करावयाचे हे त्याला कोणी समजावून सांगितले होते काय? आपत्कालात चूक शेवटच्या हातून होते. पण तिची तयारी बहुधा वरच्या टेबलावर झालेली असते. विद्यापीठांच्या चालकांनी मुलकोवालचा चिमटा नित्य डोळ्यांपुढे ठेवावा.

प्लेगातून उभी राहिलेली संस्था

मुंबईचा प्लेग पुण्यास आला. येथे आम्ही रँडसाहेबाच्या कारभाराची हकीकत सांगत बसत नाही. ती आपण शाळेत वाचली आहे. दोन वेगळ्या व्यक्तींची आठवण मात्र करावयाची आहे.

पहिली सावित्रीबाई फुले. प्लेगाच्या दिवसांत त्यांनी व त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूला रोग्यांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून आणले, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. त्यांना कोणी कामावर नेमले नव्हते, कोणाचा हुकूम नव्हता. १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाला २०१४ पासून त्यांचेच नाव आहे, आणि आपल्या जिल्ह्यातली महाविद्यालये त्याच विद्यापीठाच्या छत्राखाली चालत आली. ज्या विद्यापीठाच्या पाटीवर साथीत सेवा करताना गेलेल्या बाईचे नाव आहे, त्याच्या कक्षेतील प्रत्येक संस्थेने संकटकाळच्या सेवकाची काळजी जरा अधिकच वाहिली पाहिजे, असे आम्हांला वाटते.

दुसरे धोंडो केशव कर्वे. फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवीत. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम सुरू केला, तो पुण्याच्या वस्तीत. प्लेग वरचेवर उसळू लागला, तेव्हा आश्रमातल्या बायकांचे काय करावयाचे हा प्रश्न पडला. त्या काळच्या विधवेला 'घरी जा' असे सांगणे सोपे होते. पण तिला घर नव्हते म्हणूनच ती आश्रमात आली होती. कर्व्यांनी सुट्टी दिली नाही. गावाबाहेर हिंगण्यास रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या सहा एकर माळावर झोपडी बांधली आणि १९०० साली आश्रम तेथे हलविला. दिवसा महाविद्यालयात शिकवावयाचे आणि संध्याकाळी चिखल तुडवीत, सामानसुमान घेऊन, काही मैलांवरच्या हिंगण्यास पायी जावयाचे, असा त्यांचा क्रम कित्येक महिने चालला.

येथे दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. एक, संस्थेतल्या प्रत्येकाला घर असतेच असे धरून कर्वे चालले नाहीत. दुसरी, ज्यांना माळावर राहावयास सांगितले, त्यांच्याकडे ते स्वतः रोज जात राहिले. त्या हिंगण्याच्या माळावरूनच १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले, तेव्हा वर्गात विद्यार्थिनी होत्या पाच. म्हणजे महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाची जागाच मुळी आपत्तीने ठरविली आहे.

पाण्याचे दोन दिवस

साथ हळूहळू येते. पाणी विचार करावयास वेळ देत नाही. १२ जुलै १९६१ हा बुधवार होता, म्हणजे कामाचा दिवस. मुठेच्या खोऱ्यात आंबी नदीवर पानशेतचे धरण पुरे व्हावयाचे होते. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून ते वाचविण्याची शर्थ केली. पण सकाळी धरण फुटले. ते पाणी खडकवासल्यात उतरले आणि खडकवासलाही फुटले. पुण्याचे पूल पाण्याखाली गेले, नदीकाठच्या पेठांतले वाडे कोसळले, वीज गेली. खडकवासल्याचा साठा वाहून गेल्यामुळे पुराने वेढलेल्या शहराला पुढे पिण्याच्या पाण्यासाठी तळमळावे लागले.

त्या सकाळी पुष्कळांना धोक्याची बातमी कळली होती. पण ती खरी मानावी की अफवा, हे ठरविणारा कोणी नव्हता. माणसे नेहमीप्रमाणे कामावर निघाली. कार्यालयात पोचलेला माणूस घरच्यांसाठी कासावीस झाला आणि घरी राहिलेला नोकरीसाठी. या दिवसापासून आम्ही एक प्रश्न मनात बाळगून आहो. आपल्या संस्थेतला कोणता सेवक नदीकाठी राहतो, कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई आहे, कोणाचे मूल तान्हे आहे, हे किती कार्यालयांच्या दप्तरी लिहिलेले असते? जन्मतारीख असते, जात असते, सेवेत लागल्याची तारीख असते. घर सखल भागात आहे की उंचावर, एवढेच नसते. विद्यापीठे बहुधा उंच, मोकळ्या जागी बांधतात. सेवक राहतात ते भाडे परवडेल तेथे. पूर आला की संस्था कोरडी राहते आणि संस्थेचा माणूस भिजतो.

दुसरा दिवस २६ जुलै २००५ चा. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच काळात कुलाब्यास पडला अवघा ७३. आपल्या श्रीगोंद्यासारख्या अवर्षणाच्या तालुक्यात दोन वर्षे मिळूनही एवढा पडत नाही! एकाच शहरात दोन वेधशाळांचे आकडे असे होते. आता विचार करा, कुलाब्याच्या कार्यालयात बसलेल्या वरिष्ठाला खिडकीतून जे दिसते, त्यावरून त्याने कलिन्यातल्या किंवा कुर्ल्यातल्या माणसाविषयी काय ठरवावे? लोकल गाड्या थांबल्या. हजारो नोकरदारांनी कार्यालयातच रात्र काढली आणि हजारो कमरेइतक्या पाण्यातून चालत निघाले. त्या दिवसाचा धडा असा की, घरी जाण्याची मोकळीक उशिरा देणे हे कधी कधी न देण्यापेक्षाही घातक ठरते. आणि हवा पाहून निर्णय घेण्याचा अधिकार ज्या ठिकाणी पाऊस पडतो, त्या ठिकाणच्या माणसाजवळ असला पाहिजे.

कायद्याची वाटचाल

सरकारने या बाबतीत काय केले? प्लेगाच्या भरात, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोगांचा कायदा मंजूर झाला. तो अवघ्या चार कलमांचा होता. सरकारला हवे ते उपाय योजता येतील, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा होईल आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही, एवढे त्यात होते. साथीत राबणाऱ्या माणसाचे रक्षण कोणी करावे, याविषयी त्यात अक्षर नव्हते. ते यावयास १२३ वर्षे लागली. २२ एप्रिल २०२० च्या वटहुकमाने आणि त्याच वर्षी संमत झालेल्या दुरुस्तीने आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यास कडक शिक्षा सांगितली.

२००५ साली राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यात नेमून दिलेले काम परवानगीवाचून सोडणाऱ्या अधिकाऱ्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. कर्तव्य न करणाऱ्यास शिक्षा असावी, याला आमची हरकत नाही. पण शिक्षेचे कलम जितके स्पष्ट असते, तितकेच सांभाळाचे कलमही स्पष्ट असावे, एवढेच म्हणणे आहे. विद्यापीठांपुरते पाहिले तर महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने कुलगुरूंना तातडीच्या प्रसंगी अधिकारमंडळाची वाट न पाहता कृती करण्याची मुभा दिली आहे. मात्र ती कृती मागाहून त्या मंडळापुढे ठेवावी लागते. म्हणजे आधी ठरविण्याचा अधिकारही आहे आणि मागून जाब देण्याची सोयही आहे. उणीव कायद्याची नसून सवयीची आहे.

२०२० चे कोविडपर्व आपण सर्वांनी अनुभवले आहे, त्यामुळे त्यावर रेंगाळण्याचे कारण नाही. मार्चमध्ये महाराष्ट्रातील सरकारी कार्यालयांची हजेरी पाच टक्क्यांवर आणली गेली. आम्हांला त्या पाच टक्क्यांत अधिक रस आहे. ते कोण होते, हे बहुतेक ठिकाणी पदावरून ठरले, विचाराने नव्हे. परीक्षा घ्याव्यात की नाही, यावर राज्य सरकार आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्यात वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २८ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की, आपत्ती कायद्याखाली राज्याला परीक्षा पुढे ढकलता येतील. पण अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही. त्या वादात विद्यार्थ्यांच्या भवितव्याची चर्चा पुष्कळ झाली आणि ती योग्यच होती. पण त्या परीक्षा पार पाडणारा कारकून, संगणक सांभाळणारा तंत्रज्ञ, उत्तरपत्रिकांची खोली उघडणारा शिपाई, यांचे नाव त्या चर्चेत क्वचितच निघाले. १८९६ च्या व्हरांड्यातले एक कारकून आणि तीन शिपाई २०२० मध्येही तेथेच उभे होते.

मग करावयाचे काय?

इतिहास सांगणाऱ्याने उपदेश करू नये, असे म्हणतात. परंतु वर सांगितलेल्या हकीकतींतून जे आपोआप निघते, ते न सांगणेही बरे नव्हे. दुष्काळ संहितेने शिकविले की, यादी सुकाळात करावी. म्हणून प्रत्येक महाविद्यालयात मृगापूर्वी एक कागद तयार असावा: कोणी थांबावयाचे, त्याच्या जागी कोणी यावयाचे, कोणी सर्वांत आधी घरी जावयाचे. ज्याचे घर नदीकाठी आहे, ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, त्याचे नाव थांबणाऱ्यांत नसावे. हा कागद प्राचार्यांच्या खणात नव्हे, शिपायाच्या हातात असावा, आणि तो करताना त्या शिपायाला विचारलेले असावे. कारण १८७७ चा मजूर उठला तो न विचारल्यामुळेही. हाफकिनने शिकविले की, धोका असेल तेथे वरच्याने आधी उभे राहावे. मुलकोवालने शिकविले की, दुसऱ्या चिमट्याची सोय केल्यावाचून शेवटच्या माणसाला दोष देऊ नये. कर्व्यांनी शिकविले की, ज्यांना थांबावयास सांगितले त्यांच्याकडे रोज जावे.

आणि एक गोष्ट अगदी छोटी. जो थांबला त्याच्या नावापुढे 'हजर' असे लिहावे.

या मांडवात बसलेल्यांपैकी कित्येकजण कोणत्या ना कोणत्या शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीवर असतील, कित्येकांची मुले दौंडला, श्रीगोंद्याला, नगरला शिकत असतील, कित्येकांच्या घरचा माणूस एखाद्या शाळा-महाविद्यालयात शिपाई किंवा कारकून असेल. येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या संस्थेत जाऊन एवढेच विचारावे की, सुट्टी जाहीर झाल्यावर येथे थांबतो कोण? उत्तर तत्काळ मिळाले, तर ती संस्था नीट चालली आहे असे समजावे. उत्तरादाखल सर्वजण एकमेकांकडे पाहू लागले, तर मात्र तेथल्या शिपायाचे नाव विचारून घ्यावे. आमच्या त्या ग्रंथालयातल्या शिपायाचा शेरा पुढे कोणी खोडला नाही. त्याने रचलेली पुस्तके मात्र पुढे कित्येक वर्षे आम्ही वाचीत होतो.